खुब्यांचं पाणी

नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुमच्यातल्या धाकट्याने मला विचारलं, "आजी, तू राहतेस तिथे राहणं धोक्याचं आहे का?" त्याला शाळेत कुणीतरी आमच्या भागाचा नकाशा दाखवला होता. त्यात खाडी होती, कारखाने होते आणि मध्ये कुठेतरी आजी होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेमकं चित्र अडकलं. तुमच्या पडद्यावर मी बराच वेळ तशीच आ वासून राहिले असेन. तुम्ही हसलात, मग तुमची झोपायची वेळ झाली, आणि प्रश्न तसाच राहिला.

मला कुठलंही काम अर्धवट ठेवायला आवडत नाही. माझ्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या तुम्ही पाहिल्या आहेत. शिवाय याच प्रश्नाचं उत्तर शोधायला एकदा सरकार आमच्या गल्लीत आलं होतं आणि मी सगळं जवळून पाहिलं. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीतलं लिहिणंही सगळं इंग्रजीत. पण ही हकिकत मराठीत घडली, म्हणून मराठीतच लिहिते. अडलं तर तुमची आई वाचून दाखवेल.

सीवूड्सच्या घराची मागची बाल्कनी तुम्हाला आठवत असेल. तुम्ही दोघं तिथे बसून कलिंगडाच्या बिया खाली फेकत होतात. त्या बिया पडायच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे, वहिनीच्या अंगणात. भिंतीच्या अलीकडे आमच्या इमारती, पलीकडे गावठाण. आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी तिच्या सासऱ्यांची भातशेती होती आणि त्याच्या पुढे मिठागर. मी तिला वहिनी म्हणते, ती मला बाय म्हणते. वयाने मी मोठी, पण आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतो. घराच्या वरच्या मजल्यावर तिचे भाडेकरू राहतात, मुलगा ऐरोलीला कंपनीत जातो. म्हणजे पोटासाठी खाडीत उतरायची तिला काहीच गरज नाही. तरी ती उतरते.

ते मी किती वर्षं बाल्कनीतून पाहत आले आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लागली की पाणी खूप लांब जातं आणि तिवरांच्या पलीकडे चिखलाचं एक मोठं, चकचकीत अंगण उघडं पडतं. सकाळी त्यावर धुकं असतं. धुक्यात पाच-सहा बायका वाकलेल्या दिसतात. त्यांचे पाय दिसत नाहीत, फक्त रंगीत लुगडी आणि पाठी. जणू कुणी दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने हळूहळू पुढे सरकताहेत. खाडीवरून त्यांचं बोलणं येतं, शब्द न येता नुसता सूर येतो. कितीदा माझा चहा हातातच गार झाला आहे. त्या बायका चिखलात हात घालून खुबे काढतात. खुबे म्हणजे जाड, रेघारेघांचे शिंपले. घरी आणून धुवायचे, उकडायचे, की तोंडं उघडतात. आतला गर कालवणात जातो. उरलेल्या शिंपा वहिनीने वर्षानुवर्षं दारापासून धुण्याच्या दगडापर्यंत पसरल्या आहेत. चालताना त्या कुरकुर वाजतात. आणि उकडलेलं पाणी, खारट, राखाडी, त्यांच्याकडे ते कधी फेकत नाहीत. ते गाळून, त्यात मिरी घालून, अशक्त माणसाला देतात. पोटुशी बाईला तर हमखास.

सरकार आलं तेव्हा वहिनीची सून पोटुशी होती. ती साताऱ्याकडची, तिचे वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते, तिथून ओळखीओळखीने लग्न जमलं. बोलायला कमी, कामाला चटपटीत. तिचं पहिलं बाळ आदल्या वर्षी पोटातच गेलं होतं. त्यावर त्या घरात कुणी काही बोलत नसे. दुसऱ्या वेळी वहिनीने मनाशी ठरवून टाकलं होतं की या पोरीला काही कमी पडू द्यायचं नाही. रोज दुपारी मी बाल्कनीत बसलेली असताना ती हातात मोठा वाडगा घेऊन सुनेच्या खोलीकडे जाताना दिसे. वाफ तिच्या तोंडावर येत असे आणि ती डोळे बारीक करून चालत असे.

त्या हिवाळ्यात सरकारी बाई आल्या. पर्यावरणातल्या घातक गोष्टींनी लोकांच्या आरोग्याला किती धोका आहे, हे तपासणाऱ्या एका कार्यालयातल्या त्या होत्या. मध्यम वयाच्या, चष्मा कायम डोक्यावर, आणि शोधायचा तो पर्समध्ये. गावाजवळ एक नाला खाडीला मिळतो. फार पूर्वी त्यातून काय काय वाहून आलं असेल ते आता चिखलात बसलं आहे का, असा त्यांच्या कार्यालयाला प्रश्न पडला होता. त्या आधी आमच्या सोसायटीत आल्या, आणि मी कमिटीवर असल्याने मीच त्यांना भिंतीपलीकडे घेऊन गेले.

वाटेत मी त्यांना तुमच्या धाकट्यासारखंच विचारलं, "इथे धोका आहे का?"

"ते असं एकदम सांगता येत नाही, काकू," त्या म्हणाल्या. "विष नुसतं असून चालत नाही. ते कुठे आहे, कुठल्या वाटेने माणसापर्यंत येतं, किती येतं, किती वर्षं येत राहतं, आणि आलेलं त्या माणसाला झेपतं का. एवढं सगळं बघायचं. वाटच नसेल, तर तिथे कितीही असलं तरी तुमच्यापर्यंत ते पोचत नाही."

मला ते फार आवडलं. नळाचं पाणी लांबच्या धरणातून येतं, खाडीशी त्याचा संबंध नाही. ती वाट त्यांनी तिथेच बंद केली. मुलं चिखलात खेळतात का? आता नाही, आता मोबाइलवर खेळतात. तीही बंद. अशा एकेक वाटा बंद करत त्या वहिनीच्या स्वयंपाकघरापर्यंत आल्या, आणि तिथे मात्र वाट उघडी निघाली.

"खुबे किती वेळा खाता?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "काय इचारतं गो ती? किती वेला म्हनजे?" मग मान ताठ करून म्हणाली, "रोज! टोपभर! आमचे घरान काय तोटा हाय का?"

"आणि सूनबाई?"

"तिला तर पयलं. खुब्यांचं पानी रोज वाडगाभर. पोटुशी पोरीला नको का ताकद? मी हातानं देतंय."

पाहुण्यासमोर आपण कमी खातो असं सांगायचं म्हणजे घराची अब्रू घालवायची, हे मला कळत होतं. पण रोज वाडगा जाताना मी स्वतः पाहिला होता. त्यामुळे मीही मान डोलावली. बाईंनी लिहून घेतलं, चिखलाचे आणि खुब्यांचे नमुने घेतले आणि त्या गेल्या.

काही आठवड्यांनी त्या परत आल्या. या वेळी वहिनीला त्यांनी माझ्या घरी बोलावून घेतलं. सून समोर नको म्हणून. नाल्याच्या तोंडापाशी मिळणाऱ्या खुब्यांत काही जड धातू चालतात त्यापेक्षा जास्त निघाले होते. मोठ्या माणसाने कधीमधी खाल्ले तर फार बिघडणार नाही. पण पोटातल्या बाळासाठी मर्यादा मुद्दाम पुष्कळ खाली ठेवतात. तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी आपण हाताने नाही, कोपराने बघतो, तसं. आणि वहिनीने सांगितल्याप्रमाणे रोज वाडगाभर धरलं, तर ते त्या मर्यादेच्या बरंच वर जात होतं.

"नक्की कळेपर्यंत थांबवा," बाई म्हणाल्या.

वहिनीने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग अगदी हळू विचारलं, "मॅडम, तिचं पयलं गेलं. ते यानंच का?"

बाईंनी चष्मा डोक्यावरून काढून हातात घेतला. "ते मला सांगता येणार नाही. आमचा हिशोब खूप माणसांसाठी असतो, हजारांत कितींना काय होऊ शकेल असा. एका बाळाचं का झालं, हे त्यातून निघत नाही. होही म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही."

बरी-वाईट कुठलीही बातमी मी वहिनीला पचवताना पाहिली होती. ही तिला पचली नाही.

त्यानंतरचे दिवस मला पाण्याखालचे वाटतात. ओहोटी यायची, चिखल उघडा पडायचा, धुक्यात बायका वाकायच्या, नाल्यापासून लांब, पलीकडच्या अंगाला. त्यांच्यात ती नसायची. तिच्या हिरव्या लुगड्याची जागा मी रोज नकळत शोधायचे. ती अंगणात शेवग्याखाली बसलेली असायची, पुढ्यात न निवडलेली भाजी. रोहित पक्षी खाडीवर उतरायचे, गुलाबी, शांत, आणि ती तिकडे पाहायचीसुद्धा नाही. घरात तिने एवढंच सांगितलं होतं की सरकारने खुबे बंद केलेत. बाकीचं तिने कुणाला सांगितलं नाही. मला म्हणाली, "बाय, तू बी बोलू नको." मी बोलले नाही. एका दुपारी मी शिंपांवरून कुरकुर करत तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "माज्या सासूनं मना पाजलं, तिच्या सासूनं तिला पाजलं. कुनाला काय जालं नाय. मनाच कसं..." वर शेवगा पांढऱ्या फुलांनी भरला होता. फुलं आमच्या डोक्यांवर पडत होती, आवाज न करता.

मग एक दिवस बाई तिसऱ्यांदा आल्या, पिशवीत स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा घेऊन. गावातल्या सगळ्या घरांनी सांगितलेलं एकत्र केलं, तर एवढे खुबे त्या खाडीत असणंच शक्य नव्हतं, असं त्या हसत म्हणाल्या. आता ताटात खरोखर किती पडतं ते त्या मोजणार होत्या. खुबे नकोत, घरात असेल ते कालवण चालेल.

आधी आम्ही वहिनीच्या जावेकडे गेलो. तिने बाजारातून कोळंबी आणली होती. बाईंनी ताट काट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "रोज घेता तेवढंच वाढा."

जावेने एक डाव वाढला. काट्याकडे पाहिलं. दुसरा वाढला. "येवढंच? मॅडम म्हनतील यांचे घरान खायाला नाय."

"अहो, रोजच्याएवढं."

"रोजचंच हाय ना!" तिसरा डाव. ताटातून रस्सा काट्यावर सांडला. तिचा नवरा दारातून म्हणाला, "मॅडम, रोज याल का? मनाबी मिलंल."

बाईंनी कपाळाला हात लावला, आणि आम्ही वहिनीकडे आलो. ओटीवर सून तांदूळ निवडत बसली होती. दिवस भरत आले होते तिचे. वहिनीने कुणी न सांगता फडताळातून तो मोठा वाडगा काढला, नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि काट्यावर ठेवला.

"एवढा? रोज?"

"एवढा. रोज." वहिनीचा आवाज कोरडा होता. "खोटं नाय सांगत. बाकीचं तवा फुगवून बोलले असंन, पन ह्यो एवढाच. मीच पाजलं. तवाबी आनि आताबी. माजे हातानं मी त्या पोराला..."

वाडग्यातलं पाणी हलत होतं, आणि खिडकीतून आलेलं ऊन त्यावरून उडून छतावर लहरत होतं. आम्ही सगळ्या त्या लहरीकडे पाहत होतो, कारण एकमेकींकडे पाहवत नव्हतं.

तांदळाचं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. सून दारात येऊन उभी राहिली, एक हात चौकटीवर. "आई, तुमाला असं वाटतंय व्हय?" ती म्हणाली. मग सासूकडे न बघता, बाईंना म्हणाली, "मॅडम, मी त्ये प्यालेच न्हाई."

"म्हणजे?"

"एकदाबी न्हाई. आमच्याकडं असलं कोण खात न्हाई. वास आला की मला मळमळायचं. आई इतक्या मायेनं आणायच्या, न्हाई कसं म्हणू? त्या वळल्या की खिडकीतनं शेवग्याच्या बुडाला वतायची."

आमच्याकडे सुनेने असं सांगायचं म्हणजे काय, हे तुम्हाला तिकडे राहून कळणार नाही. एरवी त्या एका वाक्याने त्या घरात दोन चुली झाल्या असत्या.

वहिनीने विचारलं, "तवा? पयल्या वेलेला?"

"तवाबी न्हाई, आई. देवाशप्पथ."

वहिनी बाईंकडे वळली. लहान मुलं निकालाच्या दिवशी मास्तरांकडे पाहतात तशी. बाई म्हणाल्या, "मग ती वाट नव्हतीच. जी वाट नव्हती, तिच्यावरून काही आलं नाही." मग त्यांनी प्रामाणिकपणे पुढचंही सांगितलं, "बाळ का गेलं ते मला अजूनही माहीत नाही. पण तुमच्या हातून नाही."

मी म्हटलं आता वहिनी रडणार. ती खिडकीपाशी गेली, बाहेर वाकली, वर बघितलं, आणि म्हणाली, "तरीच! तरीच या शेवग्याला दोन वर्सं येवढ्या शेंगा!"

आधी सून हसली, तोंडावर पदर धरून. मग वहिनी हसली आणि हसता हसता रडली, सुनेला जवळ ओढून तिच्या पाठीवर थापट्या मारत. "माजं पानी झाडाला पाजतंस? झाडाला? मिरी घालून?"

बाईंनी मात्र चष्मा डोळ्यांवर घेतला होता. "त्या शेंगा कोणी खाल्ल्या?"

आणि नातवंडांनो, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कारण वहिनी खुबे खाते, शेंगा तिला आवडत नाहीत. दोन वर्षं ती भिंतीवरून मला शेंगांच्या जुड्या देत होती, आणि मी त्यांची आमटी करत होते, नीट, मोजून, गूळ घालून. मागच्या खेपेला तुम्हीही ती बोटं चाटून खाल्लीत. बाईंनी शांतपणे लिहून घेतलं. नवी वाट सापडली होती, खाडीतून वाडग्यात, वाडग्यातून मुळांत, मुळांतून माझ्या पातेल्यात. त्यांनी झाडाखालची माती घेतली, चार शेंगा घेतल्या आणि मला विचारलं, "काकू, किती वेळा खाता?"

मी तोंड उघडलं. खरं सांगते, माझ्या जिभेवर आलं होतं, "छे, क्वचित." पाहुणीसमोर आपल्याला हावरट दिसायचं नसतं. मग जावेचं ताट आठवलं आणि मी खरं ते सांगितलं. जुडी आली की दोन दिवस सारखी आमटीच.

शेंगांत काही निघालं नाही. बाईंनी स्वतः फोन करून कळवलं. काही दिवसांनी त्यांनी देवळाच्या सभामंडपात सगळ्यांना बसवून समजावलं. नाल्याच्या तोंडाचे खुबे कुणीच काढायचे नाहीत. पलीकडच्या, जुन्या मिठागराच्या अंगाचे मोठ्यांनी अधूनमधून खायला हरकत नाही. पोटुशी बायका आणि लहान मुलं यांनी कुठलेच नाही, आणि ते पाणी कुणालाच पाजायचं नाही. मागून एका म्हातारीने विचारलं, "मंग पाजायचं काय?" वहिनी मोठ्याने म्हणाली, "शेवग्याला इचार!" बाईंनी लगेच, नको, झाडालाही नको, असं सांगून टाकलं. नाल्यापाशी आता एक पाटी आहे, तिच्यावर शिंपल्याचं चित्र आणि लाल फुली. दर पावसाळ्यानंतर कार्यालयातलं कुणीतरी येऊन पुन्हा चिखल घेऊन जातं.

पुढच्या उधाणाला मी पहाटे उठून बाल्कनीत उभी राहिले. पाणी गेलं, धुकं तेवढं उरलं. पलीकडच्या अंगाला, लांब, पुसट, हिरवं लुगडं वाकलेलं होतं. खात्री करायला मी चष्मा पुसला, आणि पुसेपर्यंत धुकं दाट झालं. पण सूर येत होता, आणि त्यात तिचा आवाज होता.

तेव्हा धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. इथे घातक गोष्टी आहेत. त्या कुठे आहेत हे थोडंफार कळलं आहे, आणि माझ्यापर्यंत येणाऱ्या वाटा कोणत्या, तेही. रोज कुठली वाट उघडी, कुठली बंद, हे बघत राहायचं असतं. तुमच्याकडेही तसंच असेल.

सुनेला मुलगी झाली. ती आता शिंपांवरून पळते, आणि तिचे पाय वाजले की मी आत असले तरी मला कळतं. शेवगा अजून उभा आहे. त्याला आता फक्त नळाचं पाणी मिळतं आणि शेंगा पूर्वीपेक्षा कमी येतात. येतात त्या वहिनी अजूनही भिंतीवरून मलाच देते.